विद्यमान आमदाराची थैली आणि मतदाराचा हिशेब



आजच्या व्याख्यानाचा विषय वरवर पाहता रुक्ष आहे. एकदा निवडून आलेला आमदार वा खासदार पाच वर्षांनी पुन्हा मतदारांपुढे उभा राहतो, तेव्हा तो पुन्हा निवडून येण्याची शक्यता कशावर अवलंबून असते, त्यासाठी लागणारा पैसा तो कोठून उभा करतो, आणि त्या पैशाचा हिशेब कायदा कोणत्या रीतीने घेतो, एवढेच मला आपणांपुढे मांडावयाचे आहे. परंतु हा विषय आपल्या घराच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोहोचलेला आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना परिषदेत बोलताना पूज्य बाबासाहेबांनी एक धोक्याची सूचना दिली होती. राजकारणात प्रत्येक माणसाच्या मताचे मूल्य समान राहील, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता तशीच राहील, आणि या विसंगतीतूनच लोकशाहीला धोका निर्माण होईल, असा तिचा आशय होता. आर्थिक विषमता राजकीय समतेच्या घरात ज्या दाराने शिरते, त्या दाराचे नाव निवडणूक निधी होय. म्हणून या दाराची कडी कोठे आहे, हे आपण पाहिले पाहिजे.

प्रथम विद्यमान सभासदाच्या बळाचा विचार करू. नवा उमेदवार गावात येतो तेव्हा त्याला आपले नाव सांगण्यापासून प्रारंभ करावा लागतो. विद्यमान सभासदाचे नाव पाच वर्षे कोनशिलांवर कोरलेले असते. तहसीलदार, अभियंता, फौजदार त्याला ओळखतात. शिवाय त्याच्या हाती विकासनिधी असतो. खासदारांसाठी ही योजना १९९३ च्या डिसेंबरात सुरू झाली आणि २०११-१२ पासून तिची मर्यादा प्रत्येक खासदारामागे वर्षाला ५ कोटी रुपये आहे. आमदारांसाठीही राज्याची अशीच योजना आहे. हा पैसा सभासदाच्या खिशातला नसून सरकारी तिजोरीतला, म्हणजे तुमच्याआमच्या करांतून आलेला आहे. सभासद केवळ काम सुचवितो. पैसा जिल्हा प्रशासनामार्फत खर्च होतो. खासदार निधीपैकी १५ टक्के रकमेची कामे अनुसूचित जातींच्या वस्त्यांसाठी सुचवावीत, असे त्या योजनेचे नियम सांगतात. तेव्हा आपल्या वस्तीत रस्ता झाला, समाजमंदिर झाले, तर ते आपल्या हक्काचे आहे. त्याबद्दल कोणाचे उपकार मानून मत गहाण टाकण्याचे कारण नाही.

एवढे बळ असूनही विद्यमान सभासद अजिंक्य असतो असे मात्र नव्हे. १९७७ साली प्रत्यक्ष पंतप्रधानपदावर असलेल्या इंदिरा गांधींचा रायबरेलीच्या मतदारांनी पराभव केला. अधिकार, प्रसिद्धी आणि पैसा यांपैकी कशाचीही त्यांना उणीव नव्हती. मतदाराने मनात ठाम निश्चय केला म्हणजे थैलीची तोंडे उघडी राहूनही काही साधत नाही, हा त्या निकालाचा बोध होय.

आता पैशाकडे वळू. निवडणुकीसाठी पैसा तीन ठिकाणांहून येतो. उमेदवार स्वतः घालतो, पक्ष देतो, आणि इतर लोक देतात. या तिसऱ्या वर्गात मित्र असतात, आप्त असतात. पण ठेकेदार, कारखानदार आणि परवान्याची गरज असलेले व्यापारीही असतात. ज्याच्या सहीने काम अडते वा सुटते, त्याला देणगी देण्याची प्रेरणा कोणाला अधिक असते, हे सांगण्यास वकिलाची आवश्यकता नाही. कंपन्यांनी पक्षांना देणग्या देऊ नयेत असा निर्बंध १९६९ साली घालण्यात आला; १९८५ साली तो उठविण्यात आला. २०१३ च्या कंपनी कायद्याने या देणग्यांवर मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा घातली. २०१७ साली तीही काढून टाकण्यात आली. २०१८ पासून निवडणूक रोखे आले आणि देणगीदाराचे नाव मतदारापासून गुप्त राहू लागले. शेवटी १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने ही रोख्यांची योजना आणि कंपन्यांची मर्यादा काढणारी दुरुस्ती घटनाबाह्य ठरविली. पक्षाला पैसा कोण पुरवितो हे जाणण्याचा मतदाराला अधिकार आहे, कारण पैसा देणारा धोरणाकडून परतफेडीची अपेक्षा करू शकतो, असे न्यायालयाचे म्हणणे होते. म्हणजे ज्ञानाचा अधिकार हा मताच्या अधिकाराचाच भाग ठरला.

खर्चाच्या बाजूने कायदा काय म्हणतो, ते पाहू. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ चे कलम ७७ असे सांगते की, प्रत्येक उमेदवाराने अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंत झालेल्या खर्चाचा स्वतंत्र आणि खरा हिशेब ठेवावा. जानेवारी २०२२ पासून महाराष्ट्रात ही कमाल मर्यादा लोकसभेसाठी ९५ लाख आणि विधानसभेसाठी ४० लाख रुपये आहे. मर्यादेबाहेर खर्च करणे हा कलम १२३ अन्वये भ्रष्ट आचार असून तो सिद्ध झाल्यास निवडणूक रद्द होऊ शकते.

हे केवळ पुस्तकातले शब्द नाहीत, याचे उदाहरण दिल्लीत घडले आहे. १९७१ च्या लोकसभा निवडणुकीत दिल्ली सदर मतदारसंघात विद्यमान खासदार कंवरलाल गुप्ता यांचा अमरनाथ चावला यांनी पराभव केला. तेथे खर्चाची मर्यादा केवळ १० हजार रुपये होती. चावला यांनी ती ओलांडली, असा अर्ज गुप्ता यांनी केला. उच्च न्यायालयाने तो फेटाळला. परंतु ३ ऑक्टोबर १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य करून चावला यांची निवडणूक रद्द केली. पक्षाने उमेदवारासाठी खर्च केला, उमेदवाराने तो जाणूनबुजून होऊ दिला आणि त्याचा लाभ घेतला, तर तो खर्च उमेदवाराच्याच खात्यात धरला पाहिजे, हे त्या निकालाचे सूत्र होते. तसे न केल्यास धनवान पक्षाचा उमेदवार आणि गरीब उमेदवार यांच्यात समान लढत उरत नाही, हे न्यायालयाने स्पष्ट शब्दांत मांडले.

पण पुढे काय झाले, ते लक्षपूर्वक ऐका. अवघ्या १६ दिवसांत, १९ ऑक्टोबर १९७४ रोजी, वटहुकूम निघाला. नंतर त्याचा कायदा झाला. पक्षाने किंवा मित्रांनी केलेला खर्च उमेदवाराचा समजू नये, असे स्पष्टीकरण कलम ७७ ला जोडण्यात आले. न्यायालयाने बंद केलेले दार विधिमंडळात बसलेल्यांनी उघडले. आणि विधिमंडळात बसलेले म्हणजे पुढील निवडणुकीत पुन्हा उभे राहणारेच. जवळजवळ २९ वर्षे हे दार उघडे राहिले. २००३ च्या दुरुस्तीने ती सवलत आकुंचित झाली आणि पक्षाच्या प्रमुख प्रचारकांच्या प्रवासापुरतीच उरली. मात्र पक्षाने आपल्या सर्वसाधारण प्रचारासाठी किती खर्च करावा यावर आजही मर्यादा नाही. कंवरलाल गुप्ता मात्र १९७७ साली त्याच मतदारसंघातून पुन्हा निवडून आले.

लहान रकमेचाही हिशेब चुकविला तर काय होते, याचा दाखला उत्तर प्रदेशातील बिसौली मतदारसंघात सापडतो. तेथील आमदार उमलेश यादव यांनी २००७ च्या निवडणुकीत बातमीच्या रूपात छापून आणलेल्या जाहिरातींचा खर्च हिशेबात दाखविला नव्हता. रक्कम सुमारे २१ हजार रुपयांची होती. ऑक्टोबर २०११ मध्ये निवडणूक आयोगाने त्यांना तीन वर्षांसाठी अपात्र ठरविले. पुढील निवडणूक अगदी तोंडावर आली असता विद्यमान सभासदाची उमेदवारीच संपली. मात्र निवडणूक २००७ ची आणि निर्णय २०११ चा, हेही विसरू नका. कायद्याची चाल मंद आहे. म्हणून मतदाराची नजर तीक्ष्ण असली पाहिजे.

आता आपल्या समाजाच्या प्रश्नाकडे येतो. अनुसूचित जातीच्या उमेदवारास कायद्याने अनामत रक्कम निम्मी केली आहे. विधानसभेसाठी १० हजारांऐवजी ५ हजार, आणि लोकसभेसाठी २५ हजारांऐवजी साडेबारा हजार. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतील बौद्धांनाही या वर्गात स्थान मिळाले आणि राखीव जागेवर उभे राहण्याचा मार्ग खुला झाला. परंतु दारात ५ हजार मागणारा हाच कायदा आत ४० लाखांपर्यंत खर्च करण्याची मुभा देतो. ५ हजार रुपये आपला शिक्षक, आपला गिरणीकामगाराचा मुलगा, आपली परिचारिका भरू शकते. ४० लाख कोठून आणावयाचे? येथेच राखीव जागेवरील आपला माणूस दुसऱ्याच्या थैलीचा ऋणी होतो. मते आपली, जात आपली, चेहरा आपला. पण खर्च दुसऱ्याचा. असा सभासद सभागृहात बोलण्यापूर्वी कोणाच्या तोंडाकडे पाहील, याचा विचार आपणच करावा. पुन्हा तिकीट मिळविण्यासाठी त्याला आपली गरज कमी आणि थैलीवाल्याची गरज अधिक भासते.

याच्या उलट बाजूचेही स्पष्ट बोलले पाहिजे. कायदा हिशेब मागतो तो अर्ज भरल्यापासून. त्यापूर्वीची पाचही वर्षे हिशेबाच्या बाहेर राहतात. या पाच वर्षांत जयंतीचा मंडप, विहाराची फरशी, ढोलताशे, क्रिकेटचे सामने, तरुण मंडळाचे फलक, या सर्वांसाठी आपली मंडळे विद्यमान आमदाराच्या दारी पावतीपुस्तक घेऊन जातात. तो देतो आणि फलकावर आपले छायाचित्र लावतो. देणगी दहा हजारांची असते, पण तिच्या बदल्यात वस्तीचे तोंड पाच वर्षे बंद राहते. शाळेत शिक्षक नाही, शिष्यवृत्ती थकली आहे, जमिनीचा दाखला मिळत नाही, हे विचारावयास गेलेल्या माणसाला आपलाच कार्यकर्ता म्हणतो, "साहेबांनी मंडप दिला आहे, आता कसे विचारावे?" बंधूंनो, मंडप चार दिवसांत उतरतो, मिंधेपणा उतरत नाही. विहाराची फरशी आपल्या कुटुंबांच्या दोन-दोन रुपयांतून उशिरा झाली तरी चालेल. ती आपली असेल.

मतदानाच्या आदल्या रात्री वाटल्या जाणाऱ्या पैशाबद्दल तर शंकेला जागाच नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० प्रमाणे मतासाठी लाच देणारा जसा गुन्हेगार, तसाच ती घेणाराही. कलम १७३ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. वस्तीत नळ आणू, वसतिगृह काढू, असे सार्वजनिक कार्याचे वचन देणे लाच ठरत नाही. ते वचन अवश्य मागा, आणि लिहून घ्या. मताबद्दल घराघरांत दिलेले पाकीट ही लाच होय. ते परत करा.

मग आपण करावे काय? मी चार गोष्टी सुचवितो. त्यांपैकी एकीलाही मोठा खर्च नाही.

पहिली, प्रतिज्ञापत्र वाचा. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे प्रत्येक उमेदवाराला आपली मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि फौजदारी खटले शपथेवर जाहीर करावे लागतात. २०१८ साली न्यायालयाने उत्पन्नाचे मार्गही उघड करण्यास सांगितले आणि लोकप्रतिनिधींच्या संपत्तीत होणारी अवाजवी वाढ ही चिंतेची बाब मानली. विद्यमान सभासदाची दोन प्रतिज्ञापत्रे, मागील आणि चालू, शेजारी शेजारी ठेवा. पाच वर्षांचे मानधन किती आणि वाढ किती, ही वजाबाकी चौथीतला मुलगाही करील.

दुसरी, खर्चाचा हिशेब पाहा. निकालापासून ३० दिवसांच्या आत उमेदवाराने तो जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे दाखल केला पाहिजे. पैसा स्वतःचा किती, पक्षाचा किती, इतरांचा किती, हेही त्यात असते. निवडणूक संचालन नियम १९६१ च्या नियम ८८ प्रमाणे कोणत्याही व्यक्तीला १ रुपया फी भरून हा हिशेब पाहता येतो. एका रुपयात मतदार लक्षाधीशाची वही उघडू शकतो! हा अधिकार वापरला जात नाही म्हणूनच तो लहान वाटतो.

तिसरी, तुमच्या डोळ्यांनी पाहिलेल्या गाड्या, सभा, भोजनावळी यांची नोंद प्रत्येक वस्तीत एका सुशिक्षित तरुणाने किंवा तरुणीने वहीत ठेवावी. दाखल झालेला हिशेब तिच्याशी ताडून पाहावा. निकालाविरुद्ध निवडणूक याचिका उच्च न्यायालयात ४५ दिवसांच्या आत उमेदवार किंवा मतदारही दाखल करू शकतो. त्यासाठी २ हजार रुपये सुरक्षा ठेव भरावी लागते. याचिका टिकते ती पुराव्यावर, आरोळ्यांवर नव्हे.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ज्या उमेदवारावर आपला विश्वास आहे, त्याला आपण पैसे द्या. दहा द्या, पन्नास द्या, पण पावती घ्या. दहा हजार कुटुंबांनी पन्नास पन्नास रुपये दिले तर पाच लाख होतात. एका ठेकेदाराचे पाच लाख आणि दहा हजार घरांचे पाच लाख यांची गणना सारखीच. पण पहिल्या रकमेचा ऋणी सभासद एका माणसाला उत्तर देतो, दुसऱ्या रकमेचा ऋणी दहा हजारांना. पाच वर्षांनी तो पुन्हा उभा राहील, तेव्हा त्याची पुनर्निवडणूक ठेकेदाराच्या कार्यालयात न ठरता आपल्या वस्तीत ठरेल.

विद्यमान आमदार चांगला असेल तर त्याला पुन्हा निवडून द्या. त्यात कमीपणा नाही. तो निरुपयोगी ठरला असेल तर निःसंकोचपणे बाजूस सारा. त्यात कृतघ्नता नाही. मात्र कोणताही निर्णय घेताना त्याच्या थैलीचे ओझे आपल्या हातावर नसावे. ज्याने काही घेतले नाही, त्यालाच हिशेब विचारता येतो.

जय भीम.