राधानगरीचे दरवाजे



‘राधानगरीचे दरवाजे उघडले’ ऐकलं की आपली नजर पंचगंगेकडे जाते. ते सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठरावीक पातळीला आलं की आपोआप उघडतात. शाहू महाराजांनी भोगावतीवर सुरू केलेलं हे काम १९१८ मध्ये थांबलं, १९३९ मध्ये पुन्हा सुरू झालं आणि स्वातंत्र्यानंतर पुरं झालं. महाराज १९२२ मध्येच गेले.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये माणसं बदलली की जुनं मोडून नवं लिहायची घाई होते. राधानगरीच्या अभियंत्यांनी मात्र आधीच्यांच्या बांधकामावरच पुढचा थर चढवला.

सर, बाई, आमचा पायाही तुम्हीच घातलात. वरचं बांधकाम बघायला आज तुम्ही समोर आहात, हे आमचं भाग्य!