पेटीतला कॅमेरा आणि दुसऱ्या कंपनीची लेन्स

आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, ही बाई आता कुठल्या लेन्सा घेऊन बसली! मागच्या महिन्यात मी आपल्या बचत गटातून अठरा हजारांचं कर्ज कॅमेऱ्याच्या लेन्ससाठी मागितलं, तेव्हा बैठकीतही असंच झालं होतं. शेळीला कर्ज मिळतं, शिलाई मशीनला मिळतं, पण लेन्सला? आणि मोबाइल असताना? तिथे मला नीट सांगता आलं नाही. म्हणून आज रेडिओवर सांगते, इथे मध्येच कुणाला थांबवता येत नाही.

माझे चुलत सासरे बोटीवर होते. आपल्या कोकणात घरटी एक माणूस बोटीवर असायचा, तसेच. त्यांनी जपानहून एक कॅमेरा आणला होता, कॅनन कंपनीचा, 'पी' नावाचं मॉडेल. काका गेल्यावर तो चामड्याच्या कव्हरात, कव्हर पेटीत आणि पेटी माजघरात, अशी कितीतरी वर्षं गेली. काकीने तो मला दिला. माझ्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता, त्यामुळे माझे हात या कामाला लागलेले आहेत हे तिला ठाऊक होतं. देताना एवढंच म्हणाली, "माझो एक बरो फोटो काढ गो. डोळे नीट दिसतले असो."

कॅमेरा उघडला तर यंत्र चालू, पण लेन्स गेलेली. आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. चामड्याचं कव्हर ओल धरून ठेवतं, आणि आपल्याकडचे चार महिने तुम्हाला माहीतच आहेत, सुपारीला सोडत नाहीत तर काचेला काय सोडणार. बुरशी पुसली तरी काचेच्या वरच्या लेपात ती चरलेली असते, त्या खुणा जात नाहीत.

आता थोडं या कॅमेऱ्याबद्दल, नाहीतर पुढचं कळणार नाही. याला रेंजफाइंडर म्हणतात. यात आपण लेन्समधून बघत नाही, वरच्या कोपऱ्यातल्या वेगळ्या खिडकीतून बघतो. खिडकीच्या मधोमध एक फिकट चौकोन दिसतो आणि त्यात माणूस दुहेरी दिसतो, एकाला दोन नाकं. लेन्सचं कडं फिरवत गेलं की दोन्ही प्रतिमा एकमेकींवर येतात. त्या जुळल्या की फोकस झाला. हे कसं होतं? कॅमेऱ्याच्या पोटात एक छोटा दांडा आहे, तो लेन्सच्या मागच्या कडेला टेकलेला असतो. लेन्स जेवढी पुढेमागे सरकते तेवढा तो सरकतो. म्हणजे कॅमेरा भोळा आहे. लेन्सची कड त्याला जे सांगेल ते तो खरं मानतो. लेन्सने चुकीचं सांगितलं तरी खिडकीत सगळं जुळलेलंच दिसतं. लेन्सवरचं झाकण काढायचं राहिलं तरीही खिडकीत सगळं छान दिसतं, हे मी एक अख्खा रोल काळा करून शिकले आहे.

लेन्स बसवायची जागा म्हणजे नुसते आटे आहेत, बाटलीच्या झाकणासारखे. तोंड 39 मिलिमीटरचं. हे आटे मूळचे जर्मनीतल्या लायका कॅमेऱ्याचे. ऑस्कर बार्नाक या तिथल्या कारागिराने बनवलेला हा छोटा कॅमेरा 1925 मध्ये बाजारात आला आणि 1930 च्या सुमारास त्याची लेन्स काढून दुसरी लावता येऊ लागली. पुढे इतरांनी तेच आटे उचलले. मिक्सरचं भांडं ज्याचं त्यालाच बसतं म्हणून आपण किती वैतागतो! इथे उलट झालं. जर्मनी, रशिया, जपान, कुणाचीही लेन्स कुणाच्याही कॅमेऱ्याला बसू लागली. आज लायकाची नवी लेन्स लाखांच्या घरात जाते. पण त्या आट्यांमुळे माझ्यासारखीला दार उघडं राहिलं.

आणि "दुसऱ्या कंपनीची म्हणजे डुप्लिकेट" असं कुणी म्हणालं, तर कॅननची स्वतःचीच गोष्ट सांगा. त्यांच्या पहिल्या नमुन्याचं नाव होतं 'क्वानन', 1934 सालचं, करुणेच्या देवीवरून ठेवलेलं. ही कानन म्हणजे आपला अवलोकितेश्वर, अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हातात कमळ घेतलेला आहे ना, तोच तिकडे जाऊन देवी झाला. तर या कॅननने 1936 मध्ये जो पहिला कॅमेरा विकला, त्याची लेन्स त्यांची नव्हतीच. ती निप्पॉन कोगाकू या दुसऱ्या कंपनीची होती, निक्कोर नावाची. हीच कंपनी पुढे निकॉन झाली. 1950 मध्ये 'लाइफ' साप्ताहिकाचे डेव्हिड डग्लस डंकन टोकियोत होते. एका जपानी छायाचित्रकाराने निक्कोर लेन्सने काढलेला फोटो त्यांनी पाहिला आणि चकित झाले. त्याच लेन्सा आपल्या जर्मन कॅमेऱ्यावर लावून ते कोरियाच्या युद्धावर गेले. तेव्हापासून जपानी लेन्सांना जगभर मान मिळाला.

आता माझी चूक.

मी एक जुनी लेन्स स्वस्तात घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. आधीच्या कुणीतरी ती उघडून साफ करून परत बसवली होती, आणि आतली कागदाइतकी पातळ चकती बसवायची राहून गेली होती. लेन्स दिसायला स्वच्छ, कडं मऊ फिरत होतं. मी लगेच काकीला माजघराच्या दारात बसवलं. उजेड कमी, म्हणून लेन्सच्या आतली पाकळ्यांची खिडकी पूर्ण उघडली. अंतर जेमतेम एक मीटर. खिडकीत तिच्या डोळ्यांवर दोन्ही प्रतिमा नीट जुळवल्या आणि एकामागून एक फोटो काढले. काकी नऊवारीत, कानात कुड्या, अगदी ताठ बसलेली.

रोल मुंबईला धुवायला गेला, यायला तीन आठवडे लागले. बघते तर कुड्या लखलखीत, त्यातला मोतीन् मोती मोजून घ्या. आणि डोळे धुरकट. प्रत्येक फोटोत. फोकस बोटभर मागे, कानावर बसला होता. दुरुस्तीला लेन्सच्या किमतीइतकेच पैसे गेले आणि दिवाळी त्यातच गेली. मार्गशीर्षात काकी गेली.

त्या रोलमध्ये एकच फोटो बरा निघाला. काकी खळ्यात आमसुलं वाळत घालत होती, मी तीन-चार मीटरवर होते, कडक ऊन होतं म्हणून आतली खिडकी बारीक केली होती. खिडकी बारीक असली की फोकसच्या पुढचंमागचंही बरंच साफ येतं, थोडी चूक खपून जाते. त्या फोटोत काकी लहानशी आहे, हातात सूप आहे आणि ती माझ्याकडे बघतही नाही. तोच मोठा करून भिंतीवर लावला आहे.

म्हणून लेन्स कुठलीही घ्या, आधी ही परीक्षा घ्या. रोल लागत नाही. कॅमेऱ्याची पाठ उघडा. फिल्म ज्या पट्ट्यांवरून सरकते, तिथे ट्रेसिंग पेपरचा तुकडा ताणून चिकटपट्टीने लावा. शटर 'बी'वर ठेवा आणि बटण दाबून धरा, म्हणजे पडदा उघडाच राहतो. आतल्या पडद्याला मात्र बोट लावू नका, माझ्या कॅमेऱ्याचा पत्र्याचा आहे, बोटाने सुरकुततो. लेन्सची खिडकी पूर्ण उघडून एक मीटरवरच्या दिव्याच्या ज्योतीवर फोकस जुळवा, डोक्यावर चादर घ्या आणि कागदावर बघा. ज्योत उलटी दिसेल, पण तिची कड धारदार दिसली पाहिजे. मग दूरच्या माडाच्या शेंड्यावर तीच परीक्षा. वडिलांच्या स्टुडिओत मोठ्या कॅमेऱ्याला मागे अशीच घासलेली काच असायची, मी तीत लहानपणापासून बघत आले. तरी त्या दिवशी मला हे सुचलं नाही.

घेण्याआधी लेन्सच्या एका बाजूने बॅटरी मारून दुसऱ्या बाजूने बघा. जाळं दिसलं तर परत द्या. पुढच्या काचेवर एखादा बारीक चरा असला तर तेवढ्यासाठी सोडू नका, फोटोत तो बहुधा दिसतही नाही.

आता माझ्या आवडीच्या लेन्सा. सगळ्यात स्वस्त रशियन. 'ज्युपिटर-8' ही 50 मिलिमीटरची लेन्स जर्मनीच्या झाइस कंपनीच्या रचनेवरून बनवलेली, युद्धानंतर ती यंत्रसामग्री रशियाने उचलून नेली होती. चेहऱ्याला ती फार मऊ, मायेची आहे. पण सोव्हिएत मापं आणि लायकाची मापं यांत किंचित फरक आहे. त्यामुळे जर्मन-जपानी कॅमेऱ्यावर ती जवळून चुकू शकते, ज्योतीची परीक्षा इथे घ्यायचीच. 'ज्युपिटर-12'ची मागची काच कॅमेऱ्याच्या पोटात खूप आत शिरते, आपल्या कॅमेऱ्यात बसते का बघूनच घ्या.

दुसरी 'इंडस्टार-61', 55 मिलिमीटरची. ही खारकीवच्या फेड कारखान्याची, आता ते शहर युक्रेनमध्ये आहे. फेडची सुरुवात अनाथ आणि रस्त्यावरच्या मुलामुलींच्या वसाहतीत झाली. त्या पोरांनी 1934 पासून लायकासारखे कॅमेरे बनवले. मुली लेथवर बसलेल्या, विचार करा. ही लेन्स अंधारात कमी पडते, पण अंगणात उन्हात हिच्याइतकी कडक लेन्स या पैशांत मिळणार नाही.

आणि जिच्यासाठी कर्ज काढलं ती फॉइग्टलेंडर, 35 मिलिमीटरची 'कलर-स्कोपार'. नाव जुनं युरोपचं, 1756 साली व्हिएन्नात सुरू झालेल्या कंपनीचं. पण लेन्स बनते जपानच्या नागानो भागात, कोसिना कंपनीत. कोसिनाने 1999 पासून या नावाने लेन्सा काढल्या, आणि सुरुवातीच्या कित्येक जुन्याच आट्यांच्या काढल्या. माझी वापरलेली आहे. लिंबाएवढी आहे, पण माणूस आणि त्याचं घर दोन्ही त्यात मावतं. आमच्या कॅमेऱ्याच्या खिडकीत 35 ची चौकट आधीच आखलेली आहे, वेगळी खिडकी विकत घ्यावी लागली नाही. पैसे असते तरी मी हीच घेतली असती.

चीनच्या 'सेव्हन आर्टिसन्स', 'टीटी आर्टिसन' या नव्या लेन्सांबद्दल एका मुलीने विचारलं होतं. त्या स्वस्त आहेत आणि चांगल्या आहेत. काहींबरोबर फोकस आपणच जुळवून घ्यायचा तक्ताही येतो, ते मला फार पटलं. पण त्यातल्या बहुतेक 'एम' पद्धतीच्या आहेत, लायकाने 1954 मध्ये आणलेल्या खटक्याच्या. खटक्याची लेन्स आट्याच्या कॅमेऱ्याला बसत नाही. उलट मात्र चालतं. एक मिलिमीटर जाडीचं कडं मध्ये घातलं की आट्याची लेन्स खटक्याच्या कॅमेऱ्यावर बसते. म्हणून उद्या कॅमेरा बदलला तरी माझ्या लेन्सा वाया जाणार नाहीत. बैठकीत हेच सांगायचं राहिलं होतं.

मोबाइल असताना कशाला, तेही सांगते. गटाच्या पापड-कोकमाचे फोटो मी मोबाइलवरच काढते, तिथे रोल जाळायला मी वेडी नाही. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा फोटो काढायचा असला की ती माणसं या कॅमेऱ्यासमोर वेगळी बसतात. रोलवर 36 फोटो, प्रत्येकाचे पैसे, त्यामुळे मीही घाई करत नाही. कर्ज घेतल्यापासून सात घरांनी फोटो करून घेतले. पहिला हप्ता त्यातूनच भरला, पुस्तकात बघा.

पावसाळा तोंडावर आहे. तुमच्या घरात काका-मामांचा कॅमेरा पेटीत असेल तर आजच चामड्याच्या कव्हरातून बाहेर काढा. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. तांदळात नको, पीठ उडतं. लेन्सला कधीमधी ऊन दाखवा, पण कॅमेऱ्यावरून काढून. काही कॅमेऱ्यांचे पडदे कापडी असतात आणि लेन्समधून आलेलं ऊन त्यांना भोक पाडतं. आणि पदराने काच पुसू नका. मंगळवारी बैठकीला घेऊन या, ट्रेसिंग पेपर आणि चादर मी आणते.