अवकाशातील शीळ आणि तिचा उगम

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा मजकूर)



पहिल्या महायुद्धाच्या काळात पश्चिम आघाडीवर जर्मन सैन्याने शत्रूचे टेलिफोनवरील संभाषण चोरून ऐकण्याची एक युक्ती योजिली होती. जमिनीत काही अंतरावर दोन धातूच्या सळया रोवायच्या, त्यांना तारा जोडायच्या आणि मातीतून झिरपणारा क्षीण विद्युत्प्रवाह यंत्राने वाढवून तो कानाला लावलेल्या श्रवणयंत्रात ऐकायचा. या कामावर हाइन्रिख बार्कहाउसेन नावाचे एक भौतिकशास्त्रज्ञ होते. काही दिवस असे येत की शत्रूचे बोलणे बाजूलाच राही आणि कानात शीळ घुमू लागे. उंच स्वरात सुरू व्हायची आणि सेकंदाच्या आतबाहेर खाली उतरत विरून जायची. आघाडीवरचे शिपाई म्हणत, तोफगोळे उडताना ऐकू येत आहेत! बार्कहाउसेन यांनी हा अनुभव १९१९ साली प्रसिद्ध केला. यंत्राचा दोष म्हणून विषय सोडून दिला असता तरी त्यांना कोणी बोल लावला नसता. त्यांनी तो सोडला नाही, हे पुढील संशोधनाचे भाग्यच म्हणावयाचे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. ही शीळ म्हणजे ध्वनी नव्हे. ध्वनीला हवा लागते आणि ज्या प्रदेशातून ही शीळ येते तेथे हवा जवळजवळ नाहीच. ती रेडिओलहरींच्याच जातीची विद्युतचुंबकीय लहर आहे. मात्र एका सेकंदातील तिच्या कंपनांची संख्या काही शेकड्यांपासून काही हजारांपर्यंत, म्हणजे नेमकी मनुष्याच्या कानाला कळते तेवढीच असते. म्हणूनच लांब तार आणि साधे श्रवणयंत्र एवढ्या सामग्रीवर ती ऐकता आली. कोणी शोधावयास निघण्यापूर्वीच ती कानावर पडली, याचे कारणही हेच.

ही लहर जेथून प्रवास करते, त्या प्रदेशाला चुंबकावरण म्हणतात. पृथ्वी हा एक प्रचंड चुंबक आहे. तिच्या चुंबकीय बलरेषा दक्षिण गोलार्धातून निघून कमानीसारख्या अवकाशात उंच जातात आणि उत्तर गोलार्धात उतरतात. सूर्याकडून सतत वाहणारा विद्युतभारित कणांचा वारा या क्षेत्राला एका बाजूने दाबतो, तर दुसऱ्या बाजूने त्याची लांब शेपटी ओढतो. सूर्याकडील बाजूस हे आवरण सुमारे साठ-पासष्ट हजार किलोमीटरपर्यंत पसरलेले असते. त्यात अतिशय विरळ असा प्लाझ्मा असतो. प्लाझ्मा म्हणजे अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे झालेला वायू. हे सुटे इलेक्ट्रॉन बलरेषेभोवती गिरक्या घेत फिरत राहतात. गिरक्यांची ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

मग शिळेचा उगम कोणता? उत्तर ऐकून आश्चर्य वाटेल, तो उगम आहे आकाशातील वीज. वीज कडाडते त्या क्षणी उच्च-नीच सर्व कंपनांच्या लहरी एकदमच उठतात. त्यांतील काही अंश वर आयनांबर भेदून बलरेषेच्या कमानीत शिरतो आणि हजारो किलोमीटरचा फेरा करून दुसऱ्या गोलार्धात उतरतो. प्लाझ्मातून जाताना यांतील उच्च कंपनांच्या लहरी वेगाने, तर नीच कंपनांच्या लहरी मंदगतीने जातात. एखादा पदयात्री संघ पहाटे एकत्रच निघावा, परंतु मुक्कामी तरुण मंडळी आधी आणि वृद्ध मंडळी मागाहून पोहोचावीत, तसेच हे. निघताना जो केवळ एक खटका होता, तो पोहोचेपर्यंत लांबून उतरती शीळ होतो. इंग्लंडमधील टी. एल. एकर्सली यांनी १९३५ साली या पसरण्याचे गणित मांडले. परंतु मार्ग कोणता, हे कळण्यास आणखी अठरा वर्षे जावी लागली.

ते कार्य केंब्रिज येथील ओवेन स्टोरी या तरुण संशोधकाने केले. त्यांचा प्रबंध १९५३ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या ध्यानात आले की काही शिळांच्या आधी विजेचा खटका स्पष्ट ऐकू येतो, तर काहींच्या आधी येत नाही; आणि खटक्यासह येणारी शीळ दुसरीपेक्षा दुप्पट लांबलेली असते. यावरून त्यांनी निष्कर्ष काढला, की खटका नसेल तर वीज समोरच्या गोलार्धात झाली आणि लहर एकदाच आली. खटका असेल तर वीज जवळच झाली आणि लहर जाऊन परत आली. मागावरील धोटा या काठाहून त्या काठाला जातो आणि परततो, तशी ही फेरी. पुढे काही वर्षांतच अलास्काकडील उनालास्का बेट आणि न्यूझीलंड या एकाच बलरेषेच्या दोन टोकांजवळच्या ठिकाणी शिळा टिपण्यात आल्या आणि स्टोरींचे म्हणणे खरे ठरले.

परंतु याहून मोठी गोष्ट निराळीच होती. शीळ किती लांबली यावरून वाटेत किती इलेक्ट्रॉन भेटले याचा हिशेब मांडता येतो. तो मांडल्यावर स्टोरींना आढळले, की बारा हजार किलोमीटर उंचीवरदेखील एका घन सेंटिमीटरमध्ये काहीशे इलेक्ट्रॉन असले पाहिजेत. तोवर एवढ्या उंचीवर इतके द्रव्य असेल असे कोणाला वाटत नव्हते. पहिला कृत्रिम उपग्रह उडाला तो १९५७ च्या ऑक्टोबरात. त्याच्याही चार वर्षे आधी, एकही यंत्र अवकाशात न पाठविता, केवळ जमिनीवर बसून एका विद्यार्थ्याने रिकाम्या मानलेल्या पोकळीतील द्रव्य मोजले. विज्ञानाच्या इतिहासात इतक्या अल्प खर्चात इतके मोठे फळ क्वचितच मिळाले असेल.

महाराष्ट्रात ही शीळ ऐकू येत नाही का, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. येथून निघणाऱ्या बलरेषा चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ असल्याने फारच ठेंगण्या आहेत. मुंबईच्या बलरेषेची कमान जेमतेम दोनशे किलोमीटर उंच जाते, म्हणजे आयनांबराबाहेर पडतच नाही. उत्तरेकडे जावे तसतशी कमान उंचावते. वाराणसी, नैनिताल आणि गुलमर्ग येथे भारतीय संशोधकांनी अशा शिळांची नोंद केलेली आहे. तसेच १९७९ च्या मार्च महिन्यात व्हॉयेजर-१ यान गुरू ग्रहाजवळून गेले, तेव्हा त्याच्या यंत्रांनी तेथेही ही शीळ टिपली. गुरूवर विजा होतात, याचा तो एक सबळ पुरावा ठरला.

सर्वच लहरी मात्र विजेपासून जन्मत नाहीत. पहाटे रानात शेकडो पक्ष्यांनी एकदम किलबिलाट करावा, तसा चढत्या सुरांचा एक नाद स्टोरींनीच नोंदविला होता. त्याला कोरस म्हणतात. याचा उगम प्लाझ्मातच आहे. बलरेषेला समांतर धावणारे इलेक्ट्रॉन खाली वातावरणात शिरून नष्ट होतात. चाळणीतून बारीक दाणे गळून जावेत आणि जाड तेवढे उरावेत, त्याप्रमाणे मागे राहतात ते बलरेषेभोवती जोमाने गिरक्या घेणारे इलेक्ट्रॉन. गिरकीचा वेग आणि लहरीच्या फिरण्याचा वेग यांचा मेळ बसला, की हे इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा लहरीस देऊ लागतात आणि सूक्ष्म लहर वाढत जाऊन प्रबळ होते. चार्ल्स केनेल आणि हॅरी पेटशेक यांनी १९६६ साली या देवघेवीचे शास्त्र मांडले. चुंबकीय वादळात हे इलेक्ट्रॉन मध्यरात्रीच्या बाजूस आत लोटले जातात आणि पूर्वेकडे सरकत पहाटेच्या बाजूस येतात. हा किलबिलाट पहाटेच अधिक का, याचे उत्तर त्यात आहे.

हा केवळ कौतुकाचा विषय नाही. असंख्य इलेक्ट्रॉनांकडून थोडीथोडी ऊर्जा घेऊन कोरस लहर ती मोजक्या काही इलेक्ट्रॉनांच्या खाती जमा करते आणि ते इतके वेगवान होतात की उपग्रहाचे कवच भेदून आत साठतात. कॅनडाचे ॲनिक ई-१ आणि ई-२ हे दोन उपग्रह २० जानेवारी १९९४ रोजी काही तासांच्या आत बिघडले, तेव्हा अशाच साठलेल्या विद्युतभाराच्या ठिणगीने नियंत्रणयंत्रणा निकामी केली असा निष्कर्ष निघाला. दूरचित्रवाणी, टेलिफोन आणि वृत्तपत्रांकडे जाणारा मजकूर अडला. पहिला उपग्रह लवकर सावरला, दुसऱ्यास मात्र अनेक महिने लागले. इलेक्ट्रॉन पट्ट्यातच वेग घेतात की बाहेरून वेगवान होऊन येतात, हा जुना वाद होता. ऑगस्ट २०१२ मध्ये सोडलेल्या व्हॅन ॲलन जोडयानांनी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातील वादळात ते पट्ट्यातच वेग घेताना पाहिले आणि त्यामागे कोरस लहरी असल्याचे दिसून आले.

आता राहिली तिसरी जात, हिस. नावाप्रमाणे ती केवळ सळसळ. तिला सूर नाही, चढउतार नाही. परंतु पृथ्वीभोवतीच्या दोन किरणोत्सारी पट्ट्यांमधील मोकळी जागा हीच लहर राखते. तेथील वेगवान इलेक्ट्रॉनांना ती हळूहळू वातावरणात ढकलून देते. कोरस एकीकडे जमा करतो, तर हिस दुसरीकडे खर्च टाकते. तिचा उगम कित्येक दशके वादात होता. कोणी विजेकडे बोट दाखवीत, तर कोणी ती जागच्या जागी वाढते असे म्हणत. जेकब बोर्टनिक, रिचर्ड थॉर्न आणि नायजेल मेरेडिथ यांनी २००८ साली गणिताने दाखविले, की दूर बाहेर जन्मलेला कोरसच आतल्या दाट प्लाझ्मात शिरतो, वारंवार परावर्तित होतो आणि त्याचे सूर एकमेकांत मिसळून सळसळ उरते. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत थेमिस मोहिमेच्या दोन यानांपैकी एकाने बाहेर कोरस आणि दुसऱ्याने आत हिस टिपली होती. दोहोंची तीव्रता बरोबरीने कमीजास्त होत होती. तथापि हिसचा काही भाग आतल्या प्लाझ्मातच जन्मतो, असेही व्हॅन ॲलन यानांच्या नोंदींवरून पुढे दिसून आले. बाहेरून आलेल्याचा वाटा किती आणि आत जन्मलेल्याचा किती, यावर अभ्यासकांत अद्याप एकमत झालेले नाही.