परक्या नाण्याचा सरकारी भाव



परदेशी नाण्याचे भाव ही मुंबईच्या पेढ्यांची बाब, तिच्याशी सातारा-सांगलीच्या माणसाला काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. पण पलूसच्या एखाद्या कारखानदाराने जर्मनीहून यंत्र मागविले, की ते न्हावा-शेव्याच्या बंदरात उतरते आणि तेथे पहिला प्रश्न हाच निघतो. यंत्राची किंमत युरोत, जकात मात्र रुपयांत. मग युरो कितीचा धरावा? बँकेचा भाव घ्यावा, तर तो बँकागणिक निराळा. एकाच जहाजातून आलेल्या सारख्या मालावर दोघांना दोन जकाती पडावयाच्या! म्हणून १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या १४ व्या कलमाने हुंडणावळीचा हा भाव ठरविणे सरकारी मंडळाकडे सोपविले आहे. महिन्याच्या पहिल्या व तिसऱ्या गुरुवारी यादी निघते. आयातीचा भाव वेगळा, निर्यातीचा वेगळा. जपानी येन इतका हलका, की तो शंभरांच्या हिशेबाने मांडतात. हा भाव जकातीपुरताच हं! विकणाऱ्याचे पैसे चुकते करताना बँक आपलाच भाव लावणार.

राज्यसत्तेने परक्या नाण्याचे काय करावे, हा प्रश्न रायगडावरही निघाला होता. १६७४ साली राज्याभिषेकाच्या सुमारास इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन तहाची कलमे घेऊन गडावर आला. मुंबईत पाडलेले नाणे महाराजांच्या राज्यात चालावे, अशी त्यात एक मागणी होती. महाराजांच्या उत्तराचा आशय मोठा मार्मिक आहे: ज्यात रयतेला तोटा येईल ते नाणे घेण्याची सक्ती करणार नाही, मात्र वजनाला आणि कसाला ते मोगली नाण्याच्या तोडीचे असेल, तर मनाईही नाही. तेव्हा नाण्यात चांदी होती, सराफाला कस लावता येत होता. आज डॉलरची नोट कसोटीवर घासून काय कळणार? तेव्हा भाव सांगणारा कोणीतरी हवाच.

पण सरकारने भाव बांधला म्हणून धोका टळतो असे नाही. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले आणि ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर साडेसात रुपयांना जाऊन बसला. दहा हजार डॉलरांचे यंत्र काल ४७,६०० रुपयांचे होते, ते आज ७५,००० चे! समजा, शेकडा दहा जकात कायम धरली, तर ४,७६० च्या जागी ७,५०० रुपये मोजा.

म्हणूनच कोणत्या दिवसाचा भाव, हा प्रश्न भावाइतकाच मोलाचा ठरतो. आजच्या कायद्यात बिल ऑफ एंट्री दाखल होते त्या दिवसाचा भाव लागतो; मागणी नोंदविली त्या दिवसाचा नव्हे. मला हे रास्त वाटते, कारण ती तारीख दोन्ही पक्षांना कागदावर दिसते. अडचण निराळीच आहे. मोठ्या पेढीत चलनावर डोळा ठेवणारी माणसे असतात. कुपवाडचा लहान कारखानदार मात्र एजंट सांगेल तो आकडा भरून मोकळा होतो. सातारा-सांगलीच्या व्यापारी संघांनी दर पंधरवड्याला ही यादी आपल्या कचेरीच्या फळ्यावर लिहून ठेवावी. खर्च काय तो खडूचा.