नोंदींमागची माणसे
(वार्षिक सभेत केलेल्या निवेदनाचा संक्षेप)



खाटा अपुऱ्या असताना विद्यार्थ्यांना संगणकापुढे बसवून आरोग्य-विदाशास्त्र शिकविण्यावर न्यासाने खर्च का करावा, असा प्रश्न मागील सभेत विचारला गेला. प्रश्न रास्त होता. आज त्याचे उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

रुग्णांच्या असंख्य नोंदींतून अर्थ काढण्याचे हे शास्त्र. त्यासाठी आमचे विद्यार्थी प्रथम ‘मिमिक-३’ हा माहितीसंच हाताळतात. अमेरिकेतील बोस्टनच्या बेथ इस्रायल डिकनेस मेडिकल सेंटरमध्ये २००१ ते २०१२ या काळात अतिदक्षता विभागांत राहिलेल्या ४० हजारांहून अधिक रुग्णांच्या नाडी, रक्तदाब, तपासण्या व औषधांच्या नोंदी त्यात आहेत. नावे काढून टाकलेली आहेत. तरीही संशोधनातील नीतिनियमांचा अभ्यासक्रम पुरा करून करारावर सही केल्याविना तो कोणाच्या हाती पडत नाही.

पहिलाच पाठ रुग्णांचे सरासरी वय काढण्याचा. त्यात काही रुग्ण तीनशे वर्षांचे निघतात! अतिवृद्धांची ओळख पटू नये म्हणून ८९ वर्षांवरील व्यक्तींच्या जन्मतारखा मुद्दाम मागे सरकवलेल्या असतात. विद्यार्थी हसतात. मग आम्ही त्यांना आमच्याच नोंदणी कक्षात नेतो. तेथील जुन्या केसपेपरांवर ‘वय ६०’, ‘वय ६५’ अशा नोंदी वारंवार भेटतात. ज्या आजींना आपले जन्मवर्ष ठाऊक नव्हते, त्यांचे वय कोणीतरी अंदाजाने लिहिलेले असते. दोष आमचाच. येथे मात्र कोणी हसत नाही.

अशा चुकांची किंमत केवढी असते? १९९०च्या दशकात अमेरिकेत न्यूमोनियाच्या रुग्णांपैकी कोणाला दाखल करावे व कोणाला घरी पाठवावे, हे ठरविण्यास साह्यभूत होतील अशी गणिती प्रारूपे तयार करण्यात आली. त्यांतील एकाने नोंदींवरून असा नियम काढला की, दमा असलेल्यांना मृत्यूचा धोका कमी असतो. आकडे खोटे नव्हते. दमेकऱ्यांना न्यूमोनिया झाला की थेट अतिदक्षता विभागात नेले जाई, त्या शुश्रूषेमुळे ते वाचत. नियम आंधळेपणाने मानला असता, तर नेमक्या त्याच रुग्णांना घरी धाडले गेले असते. हा दोष संगणकाला दिसला नाही. वॉर्डात काय चालते हे जाणणाऱ्यांना दिसला. म्हणूनच आमचा प्रत्येक विद्यार्थी काही काळ परिचारिकांबरोबर वॉर्डात काढतो.

परदेशातील मोठे संच आयते मिळत असता स्वतःच्या नोंदी कशाला, असेही विचारले जाते. ‘यूके बायोबँक’ने २००६ ते २०१० या काळात ४० ते ६९ वयाचे सुमारे पाच लाख लोक नोंदविले. पण निमंत्रितांपैकी शंभरातले पाच-सहाच आले, आणि आलेले लोक सर्वसाधारण ब्रिटिश जनतेहून अधिक निरोगी होते. त्यांच्यावरून आपल्या बाह्यरुग्ण विभागापुढील रांगेचे अनुमान कसे करावे?

मात्र स्वतःच्या नोंदी वापरू लागलो आणि आमच्यापुढे अडचण उभी राहिली. एका रुग्ण मातेच्या मुलाने विचारले, “आईचे नाव कुठे दिसणार नाही ना?” नाव दिसणार नव्हते, परंतु आजार दुर्मीळ, त्यात वय आणि तालुका, एवढ्यावरून गावकऱ्यांनी त्यांना सहज ओळखले असते. आम्ही तालुक्याचा रकाना सर्वांसाठी गाळला. परिणामी कोणत्या भागातून रुग्ण उशिरा येतात, हे विद्यार्थ्यांना या वर्षी तपासता आले नाही. फिरत्या दवाखान्याचा मार्ग आखण्यास तीच माहिती हवी होती.

पुढील वर्षापासून ज्यांची लेखी संमती असेल, त्यांच्याच तालुक्याची नोंद अभ्यासासाठी घेतली जाईल. संमतिपत्र मराठीत असून नोंदणी कक्षात उपलब्ध आहे. नकार दिल्यास उपचारांत कोणताही फरक पडणार नाही, हे वाक्य त्या मुलाच्या सूचनेवरून आम्ही सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत छापले आहे.