नोकरी सुटली, पण धंदा चालू आहे

बेकार कोणाला म्हणावे? प्रश्न वरवर पाहता अगदी सोपा आहे. ज्याला काम नाही तो बेकार, असे कोणीही सांगेल. पण आपल्याकडे कारखान्यात राबणाऱ्या पुष्कळ माणसांचे एका पगारात भागत नाही. कोणी सकाळची पाळी आटोपून संध्याकाळी रिक्षा चालवतो. कोणी घरी शिलाईचे मशीन टाकले आहे. कोणी रविवारी शेजारपाजारचे पंखे आणि मिक्सर दुरुस्त करून चार पैसे मिळवतो. अशा माणसाची नोकरी सुटली, तर तो बेकार झाला की नाही? नोकरीच्या हक्काचे म्हणून जे पैसे असतात, ते त्याने मागावेत की मागू नयेत? या एकाच प्रश्नाचा आज आपण विचार करू.

पिंपरी-चिंचवडकडच्या एखाद्या कारखान्यातला फिटर डोळ्यांसमोर आणा. नोकरी अकरा वर्षांची, पगार महिना १८,००० रुपये. घराच्या पुढच्या खोलीत त्याने पिठाची गिरणी घातली आहे. विजेचे बिल त्याच्याच नावाचे. पाळी संपली की दळण तोच दळतो. एके दिवशी काम कमी झाले म्हणून कारखान्याने काही माणसे कमी केली आणि त्यांत याचाही नंबर लागला. घरी आल्यावर भोवतालचे लोक दोन प्रकारचा सल्ला देतात. एक म्हणतो, "तुझी गिरणी चालू आहे, तुला कशाचे काय मिळणार?" दुसरा म्हणतो, "गिरणीचं नावच काढू नकोस, सगळं मिळेल." मला सांगायचे आहे ते हे की, दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. पहिल्याने हक्काचा पैसा बुडतो, आणि दुसऱ्याने माणूस गोत्यात येतो.

मग खरे काय? नोकरी गेल्यावर हाती येणारा सगळा पैसा एका जातीचा नसतो. त्यातला प्रत्येक पैसा कशाबद्दल मिळतो, एवढे विचारले म्हणजे पुष्कळसा गुंता सुटतो.

पहिला पैसा असतो झालेल्या सेवेबद्दलचा. कामगार कपातीची भरपाई आपल्या कायद्यात १९५३ साली आली. औद्योगिक विवाद कायद्याच्या जागी २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, तरी या भरपाईचे मूळ माप तेच राहिले आहे. एक वर्ष सलग नोकरी झालेल्या कामगाराला कमी करावयाचे, तर एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तितका पगार द्यावा लागतो, आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. वर्षात २४० दिवस काम भरले म्हणजे ते वर्ष सलग धरतात. आपल्या फिटरचा पंधरा दिवसांचा पगार ९,००० रुपये. अकरा वर्षांचे झाले ९९,००० रुपये. याखेरीज नव्या संहितेप्रमाणे कामगारांना नवे कौशल्य शिकण्यासाठी म्हणून जो निधी ठेवला आहे, त्यात मालकाने आणखी पंधरा दिवसांचा पगार भरावयाचा, आणि तो कपातीपासून पंचेचाळीस दिवसांत कामगाराच्या खात्यावर जमा व्हावयाचा. ग्रॅच्युइटी आणि भविष्यनिर्वाह निधी हे आणखी वेगळे.

आता या सगळ्यात गिरणीचा संबंध कोठे येतो? कोठेच येत नाही. हा पैसा अकरा वर्षे राबल्याचा आहे. तुमच्या घरी गिरणी आहे की गावाकडे दोन एकर जमीन आहे, हे विचारण्याचे मालकाला कारण नाही. "तुझं बरं चाललंय की!" असे म्हणून कोणी यातला एक रुपया कापू लागला, तर तो कापू देऊ नये.

पण या पैशाला एक मोठा धोका आहे, आणि तो गिरणीपेक्षा कितीतरी मोठा आहे. माणसे कमी करताना पुष्कळदा एक छापील कागद पुढे केला जातो. त्यावर लिहिलेले असते, "मी स्वेच्छेने राजीनामा देत आहे." सही केली की हिशेब लवकर मिळेल, असे सांगतात. ज्याचा जोडधंदा आहे तो माणूस अशा वेळी चटकन सही करून मोकळा होतो. तो म्हणतो, "जाऊ दे, आपला धंदा आहेच." पण स्वेच्छेने नोकरी सोडणे म्हणजे कायद्याच्या दृष्टीने कपात नव्हे. त्या एका शब्दाने भरपाईचा हक्क जातो, आणि ज्याच्याविषयी आता सांगणार आहे तो बेकारीचा भत्ताही जातो. तेव्हा स्वतःहून नोकरी सोडायची नसेल, तर ‘स्वेच्छेने’ या शब्दाखाली सही करू नका. घाई कोणाला आहे, हे आधी पाहा.

दुसरा पैसा रिकाम्या दिवसांबद्दलचा. हा मालक देत नाही, विमा देतो. इंग्लंडात बेकारीचा विमा १९११ च्या कायद्याने सुरू झाला. इमारत बांधणी, जहाज बांधणी, यंत्रकाम अशा ठराविक धंद्यांतल्या कामगारांना आठवड्याला सात शिलिंग, आणि तेही वर्षात फार तर पंधरा आठवडे, असे त्याचे स्वरूप होते. आपल्याकडे कर्मचारी राज्य विम्याचा कायदा १९४८ सालचा, आणि योजना प्रत्यक्ष चालू झाली फेब्रुवारी १९५२ मध्ये, कानपूर आणि दिल्ली येथे. आजारपण, बाळंतपण, कामावरचा अपघात यांची सोय तिने केली, पण बेकारीची केली नाही. ती यायला २००५ साल उजाडावे लागले.

त्या वर्षी निघालेल्या राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेचा लाभ कारखाना बंद पडला किंवा कपात झाली तर मिळतो. पहिल्या वर्षी रोजच्या सरासरी पगाराच्या निम्मा आणि दुसऱ्या वर्षी पाव, असा तिचा भत्ता आहे. त्या काळात कुटुंबाचे औषधपाणीही चालू राहते. दुसरी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना १ जुलै २०१८ पासून आली. तिचा भत्ता आधी पाव पगार होता, तो २०२० साली निम्मा झाला. तो जन्मात एकदा आणि फार तर नव्वद दिवस मिळतो. आपल्या फिटरचा रोज पडतो ६०० रुपये, म्हणजे निम्मा ३०० रुपये. नव्वद दिवसांचे होतात २७,००० रुपये. ही दुसरी योजना ठराविक मुदतीची असून ती वेळोवेळी वाढवीत आणली आहे. तेव्हा अर्ज करण्यापूर्वी मुदत चालू आहे ना, हे शाखा कार्यालयात विचारून घ्यावे.

येथे मात्र गिरणीचा प्रश्न उभा राहतो, कारण हा पैसा बेकार असण्याबद्दलचा आहे. अटल योजनेत म्हटले आहे की, विमा असलेला माणूस एकाहून अधिक मालकांकडे कामाला असेल, तर सगळीकडचे काम सुटले तरच तो बेकार समजला जाईल. मध्येच कमाईचे काम मिळाले, तर त्या दिवसापर्यंतचाच भत्ता मिळेल. राजीव गांधी योजनेतही दुसरीकडे नोकरी लागली की भत्ता थांबतो. आता गिरणी म्हणजे दुसरा मालक नव्हे, हे उघड आहे. ती नोकरी असतानाही चालू होती, हेही उघड आहे. पण त्याच माणसाने नोकरी गेल्यावर गिरणीला मिरचीकांडप जोडले, सकाळी सातला दार उघडून रात्री दहाला बंद करू लागला, तर मी अजून बेकार आहे असे त्याला कोणत्या तोंडाने म्हणता येईल?

म्हणून अर्जाबरोबर जे लिहून द्यायचे, त्यात गिरणीचा उल्लेख करावा. ती कधीपासून आहे, किती तास चालते, खर्च वजा जाता काय उरते, हे चार ओळींत लिहावे. निर्णय अधिकाऱ्याला करू द्यावा आणि तो लेखी मागावा. लपवाछपवी केली तर ३०० रुपये रोजासाठी माणूस खोट्या प्रतिज्ञापत्राच्या गुन्ह्यात सापडतो. गिरणी काही खिशात लपत नाही. तिचा आवाज सगळ्या आळीला ऐकू येतो!

या बाबतीत बाहेरच्या देशांचे एक घेण्यासारखे आहे. जर्मनीत आठवड्याला पंधरा तासांपेक्षा कमी वेळ स्वतःचा धंदा करणारा माणूस बेकारच समजला जातो. त्याने तो धंदा कळवावयाचा, आणि महिन्याला १६५ युरोपर्यंतची मिळकत हिशेबात धरत नाहीत. ब्रिटनमध्ये हीच मर्यादा आठवड्याला सोळा तासांच्या आत अशी आहे, आणि मिळकत ठराविक रकमेच्या वर गेली की तेवढा भत्ता कमी होतो. याचा अर्थ असा की, थोडेफार मिळवणाऱ्याला तेथे खोटे बोलावे लागत नाही. किती तास आणि किती पैसे, याचे माप ठरलेले आहे. आपल्या देशात तर जोडधंदा घरोघरी आहे. असे माप आपल्या योजनांतही स्वच्छ शब्दांत लिहिले जावे, असे मला वाटते. प्रामाणिक माणसाला नियम कळला म्हणजे निम्मे काम होते.

तिसरा पैसा बुडालेल्या पगाराबद्दलचा. समजा, कपात बेकायदा होती आणि तुम्ही न्यायालयात गेलात. निकाल तुमच्यासारखा लागला, तर मधल्या काळाचा पगार मागता येतो. तेथे मालकाचा वकील पहिला प्रश्न हाच विचारतो, "मधल्या काळात तुम्ही काय करीत होता?" १९८४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एक खटला आला होता. कामावरून काढलेला माणूस बायकामुलांसह सासऱ्याकडे राहत होता आणि त्यांच्या कोळशाच्या वखारीत हातभार लावत होता. ही कमाईची नोकरी होय, असे मालकाचे म्हणणे. न्यायालयाने ते झिडकारले. अशाने पोटासाठी भीक मागणे हीसुद्धा कमाईची नोकरी ठरेल, असा त्याचा रोख होता. उलट २००७ साली कर्नाटकातील एका परिवहन कर्मचाऱ्याच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की, स्वतःच्या उद्योगातून उत्पन्न येत असेल, तर तीही कमाईची नोकरीच धरावी लागेल.

हे दोन निकाल एकमेकांविरुद्ध आहेत का? मला तसे वाटत नाही. कोणाच्या तरी आधाराने दिवस काढणे वेगळे, आणि स्वतःच्या धंद्यातून उत्पन्न मिळवणे वेगळे. आणि २०१३ साली महाराष्ट्रातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. मधल्या काळात मला काम नव्हते, किंवा होते ते कमी पगाराचे होते, हे आधी नोकराने सांगावे. मग तो तितकेच मिळवीत होता हे दाखविण्याची जबाबदारी मालकावर येते. म्हणजे येथेही मौन उपयोगाचे नाही. जे मिळाले ते सांगायचे.

यासाठी एका साध्या वहीची गरज आहे. नोकरी सुटली त्या दिवसापासून रोज दळण किती झाले, वीज आणि दुरुस्ती किती गेली, हातात किती राहिले, ते लिहीत चला. सोबत नेमणुकीचे पत्र, पगाराच्या पावत्या, विम्याचा क्रमांक आणि कपातीचे पत्र एका पिशवीत नीट ठेवा. कपातीचे पत्र दिले नसेल तर लेखी मागा, आणि अर्जाला उशीर करू नका.

जोडधंदा असणे हा काही अपराध नाही. पडत्या काळात त्यानेच घराला टेकू दिलेला असतो. त्याच्यामुळे सेवेचा पैसा सोडून देऊ नका, आणि रिकाम्या दिवसांचा पैसा मागताना तो झाकूही नका. पैसा कशाबद्दलचा आहे हे ज्याने आधी विचारले, त्याला आपला हक्कही कळतो आणि आपली मर्यादाही कळते.