नुसत्या भाकरीवर राखण होत नाही
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत पशुसखी ताईंनी केलेलं भाषण)



शेळीसाठी आपण गटातून कर्ज काढतो, तिला लस टोचतो. आणि रात्रभर त्या शेळ्या राखतो, त्या कुत्र्याला काय? उरलीसुरली भाकरी अन् ताकपाणी! मीही तेच करत होते. मागच्या साली पिल्लू आणलं. चार महिन्यांचं झालं, तर पुढचे पाय धनुष्यासारखे वाकले. डॉक्टर म्हणाले, "मुडदूस आहे. ड जीवनसत्त्व कमी पडलं." मी म्हटलं, "अहो, दिवसभर उन्हातच तर असतं!"

इथंच आपण फसतो. उन्हानं माणसाच्या कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं. कुत्र्याच्या कातडीत ते पुरेसं होत नाही. खाण्यातूनच मिळावं लागतं. ते नसलं की खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. लंडनच्या मेलनबी डॉक्टरांनी १९१९च्या सुमारास हेच दाखवलं. नुसत्या लापशीसारख्या खाण्यावर ठेवलेल्या पिल्लांना मुडदूस झाला, कॉड माशाच्या लिव्हरचं तेल दिल्यावर तो हटला. त्यातूनच पुढं लेकरांच्या मुडदुसावर इलाज मिळाला.

मग द्यायचं काय?

भाकरी द्याच, पण सोबत उकडलेलं अंडं द्या. पिवळ्या बलकात अ, ड आणि ब गटातली जीवनसत्त्वं असतात. कच्चं नको, कच्च्या पांढऱ्यातला एक घटक बायोटिन हे जीवनसत्त्व अंगी लागू देत नाही. काटे काढून शिजवलेली मासळी चालते. आठवड्यातून एकदा काळजाचा छोटा तुकडा द्या. रोज नको, अ जीवनसत्त्व जास्त झालं तरी हाडं बिघडतात. आणि काळीज नेहमी शिजवूनच. शेळीचं कच्चं काळीज-फुप्फुस खाऊन कुत्र्याला जंत होतात, त्याची अंडी आपल्या लेकरांच्या पोटात जाऊ शकतात.

क जीवनसत्त्व कुत्र्याचं शरीर स्वतःच बनवतं. लिंबू-आवळ्याची गरज नाही.

कांदा, लसूण, द्राक्षं, मनुके देऊ नका. ते त्याला विष आहे. आपल्या घरातल्या ताकदीच्या गोळ्याही मनानं देऊ नका. ड जीवनसत्त्व जास्त झालं तर मूत्रपिंड निकामी होतं. पाय वाकडे दिसले, तर आधी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा.

माझं पिल्लू आता चांगलं पळतं. एका पायात थोडा बाक राहिलाय. तो दिसला की वाटतं, महिनाभर आधी दाखवायला हवं होतं.

आज घरी गेल्यावर एवढंच करा: आपल्या कुत्र्याच्या पायांकडं एकदा नीट बघा.